आळशी डोळा

सहा वर्षांच्या ईश्वरीचा डावा डोळा आळशी आहे, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावली, तर मेंदू आळशी डोळ्यानं बघायला शिकेल.

तिची आई पौर्णिमा चाचरत म्हणाली, "मलेबी लहानपणापासून एकाच डोळ्यानं नीट दिसते. मीबी लावू काय पट्टी?"

"वय वाढलं की मेंदूचं हे शिकणं कमी होत जातं, ताई. तुमचे उपचार लहानपणीच व्हायला हवे होते."

चांदूर रेल्वे या गावी घरी येताच पौर्णिमानं लेकीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली. ईश्वरी दाराला धडकली.

"काढ ना आई! मले बराबर दिसून नाही राह्यलं!"

पौर्णिमाला रडू फुटलं, पण पट्टीकडे जाणारे लेकीचे हात तिनं घट्ट धरून ठेवले. संध्याकाळभर ईश्वरी तिच्याशी बोलली नाही.