सुकवारो

"आजीचं नाव?" भटजींनी विचारलं.

मारोतरावांच्या पुढ्यात भाताची तीन गोल पिंडं मांडली होती. आईचं, आजीचं, पणजीचं. शेजारी एक लांबट पिंड होतं, ते गोपिकेचं. गोपिका, मारोतरावांची बायको. आज तिची बारवी, मरणानंतरचा बारावा दिवस. लांबट पिंडाचे तीन भाग करून त्या तिघींत मिसळायचे, म्हणजे सून सासवांमध्ये जाऊन बसते. पण कोणामध्ये बसायचं त्यांची नावं घ्यावी लागतात.

"गंगाबाई," मागून धाकटे भाऊ मधुकरराव म्हणाले.

"गंगाबाई नाही," मारोतराव म्हणाले.

"दादा, काहून घोळ घालून राहिले? मायच्या बारवीले बाबांनी हेच नाव सांगतलं होतं."

"म्हणूनच तर."

मधुकररावांनी मांडवाकडे पाहिलं. तिथे वर्ध्याचे बापूजी बसले होते. त्यांच्या मुलाशी मधुकररावांच्या शामलाचं लग्न ठरलं होतं. सुतकात भेटायला म्हणून ते मुद्दाम आले होते.

घराण्याची हकिकत बाहेर सांगायची ती अशी, की आजोबा कवडूजी मोठे व्यापारी, त्यांची बायको गंगाबाई वऱ्हाडातल्या चांगल्या घरची, ती लवकर वारली. व्यापार खरा होता. कवडूजी बैलावर मीठ, तंबाखू आणि काचेचे मणी लादून पारशिवनीच्या पुढे, पेंच नदीच्या काठी गोंडांच्या गावांत जात आणि लाख, हिरडा, चारोळी घेऊन येत. पुढे पुढे ते परत येईनासेच झाले. तिथेच घर केलं, गोंडी बोलू लागले, गोंडीण बायको केली. मुलगा झाला. ती देवीच्या साथीत गेली. गोंडांनी तिला आपल्या रीतीने पुरलं. नंतर सरकारचं जंगल खातं आलं, लाखेचे ठेके निघाले, तेव्हा कवडूजी मुलाचं बोट धरून शहरात, इतवारीतल्या या घरी परत आले. जातीने विचारलं, बायको कोण? त्यांनी एका नदीचं नाव सांगितलं.

खरं नाव घरातल्या बाकी पुरुषांना ठाऊक नव्हतं. म्हातारपणी कवडूजींना भ्रम झाला आणि ते सुनेलाच, म्हणजे मारोतरावांच्या आईला, त्या नावाने हाक मारून पाणी मागू लागले. सुनेने ते नाव जपलं आणि पुढे आपल्या सुनेला, गोपिकेला सांगितलं. गोपिकेला मूलबाळ नव्हतं. सांगायला सून नव्हती. तिने शेवटच्या आजारात ते नवऱ्याला सांगितलं.

"मायले मामंजींनी गंगाबाईच्या हवाली केलं," सासूच्या बारवीची आठवण काढत ती म्हणाली होती. "कोण होय ते गंगाबाई? माय कोणाच्या दारात उभी असंल, काय माहीत. मले नका धाडू जी अनोळखी बाईकडे."

मधुकरराव वाकून कानाशी कुजबुजले, "दादा, हात जोडतो. शामलाचं लग्न होऊ द्या, मंग काय म्हणाचं ते म्हणा."

"तोवर गोपिकेले कुठं ठेवू?"

"सुकवारो," मारोतराव भटजींना म्हणाले. "आजीचं नाव सुकवारो."

भटजींनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. "हे संस्कृतात चालवायचं कसं हो? मी सुकुमारी म्हणतो."

"सुकुमारी म्हटलं त ते बाई वळून पाहीन काय, महाराज?"

"शुक्करवारी जलमली असंल," शेजारचे दादाजी शिंपी मागून बोलले. "पाहा गा, नातू इतवारीत अन् आजी शुक्करवारी!"

दोघंतिघं हसले. बापूजी हसले नाहीत. "कोणत्या गावच्या म्हणायच्या त्या?" त्यांनी विचारलं.

"पेंचकडच्या," मारोतराव मागे न वळता म्हणाले. "गोंडीण होती."

कोणी हसेना. बापूजींनी टोपी घातली, गाडीची वेळ झाली म्हणाले आणि वहाणा शोधू लागले. मधुकरराव त्यांच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. परत आले ते एकटेच. मांडवात न येता ओट्यावर बसले. आतल्या दारात शामला उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बापासाठी पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवून ती आत गेली.

भटजींनी नाव होतं तसंच घेतलं. मंत्रात ते अडखळलं, पण निघालं.

मारोतरावांनी लांबट पिंडाचे तीन भाग केले. एक आईच्या पिंडात दाबला. दुसरा सुकवारोच्या पिंडात ठेवला आणि कडा बोटांनी नीट बुजवल्या, वेळ लागला तरी. तिसरा पणजीच्या.

"झालं," भटजी म्हणाले. "आता यापुढे गोपिकाबाईंचं वेगळं पिंड करायचं नाही."

मारोतराव मधल्या पिंडाकडे पाहत राहिले. त्यात गोपिका कुठली आणि सुकवारो कुठली, ते ओळखू येत नव्हतं. भटजींनी हात धुवायला पाणी पुढे केलं. मारोतरावांच्या बोटांना भात चिकटला होता. त्यांनी हात पुढे केले नाहीत.