ढेरपोटीची पलीकडची बाजू

मागे लिहिलेलं: सात चाळीस. उजेड पाठीमागून. ढग नाही. माणूस नाही.

मास्तरच्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर या चार गोष्टी असायच्याच. मास्तर म्हणजे पोस्टमास्तर. शिक्का मारल्याशिवाय त्याला कुठलीही वस्तू पुरी झाल्यासारखी वाटत नसे. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. चौकटीत माणूस शिरला की फोटो बाद, मग तो खुद्द इंजिनाचा ड्रायव्हर का असेना. "माणसं काय, पोस्टात रांगेनं मिळतात," तो म्हणायचा.

हे फोटो समोर ठेवून त्याचा दोस्त कवळीवाला इंजिनं बनवायचा. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी त्याच प्लास्टरमधून, त्याच बारीक कोरण्यांनी वीतभर लांबीचं इंजिन. कुठे पोचा असेल तर पोचासुद्धा. अट एकच, दोघांनी मिळून घातलेली: पाहिलं नाही ते करायचं नाही.

आता यातली गोम बघा. चाळीस वर्षं दोघं उभे राहिले ते रुळांच्या पूर्वेच्या टेकाडावर, कारण सकाळचं ऊन तिथे पाठीशी. कारखान्याच्या त्या फाट्यावर इंजिन वळवायची सोय नाही. गेलं तसं उलटं चालत परत यायचं आणि पुन्हा तीच बाजू दाखवायचं. म्हणजे मास्तरच्या फळीवर एकतीस इंजिनं, आणि एकतीसच्या एकतीस अर्धी. पलीकडची बाजू सपाट, पांढरी. फळी भिंतीला लागून, कुणाला पत्ता लागतोय.

मास्तरचे डोळे जाईपर्यंत.

मागे लिहिलेलं: काही नाही. हा फोटो कुणी काढला नाही.

आधी डोळे गेले, मग पाय. पलंगावर पडल्यापडल्या मास्तर म्हणाला, "दंतोबा, ढेरपोटी दे रे जरा हातात."

ढेरपोटी हे एकतिसावं. खरीखुरी अजून धावत होती, पोट पुढे काढून. मास्तरने छोटीवरून बोट फिरवलं. धुराडं, दिवा, कठडा. मग हात मागे वळला आणि थांबला.

"इथे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"तिकडून कधी पाहिलीच नाही ना आपण."

मास्तर हसला. "चाळीस वर्षं अर्ध्या गाडीच्या मागे लागलो म्हणायचं."

दारातून वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं मिळून एक शहाणा माणूस होत नाही, गाडी कुठली पुरी व्हायला."

तिघंही हसले. पण त्यानंतर मास्तरने एकही इंजिन हातात मागितलं नाही. कवळीवाल्याला ते लागून राहिलं.

तशात बातमी आली: फाटा बंद होतोय. रविवारी शेवटची फेरी, सोमवारी ढेरपोटी भंगारात. मास्तरने कॅमेरा उशाखालून काढून दिला. "रोलमध्ये दोनच उरलेत. माझ्या जागेवर उभा राहा. एक शेवटचा घे, आल्बम पुरा होईल." डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बोलावून पंधरा-वीस दिवस सांगितले होते. वहिनींनी ते कवळीवाल्याला जिन्यात सांगितलं.

रविवारी तो टेकाडापर्यंत गेला. आणि रूळ ओलांडून पलीकडे उतरला.

सात एकेचाळीस.

कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून तो उभा होता, ऊन थेट डोळ्यांत. ढेरपोटी एक मिनिट उशिरा आली. या बाजूला शिडी होती. पाच पायऱ्या, तिसरी वाकलेली. एक हत्यारांची पेटी, बिजागरी तुटल्यामुळे तारेने बांधलेली. खिडकीखाली ठिगळ, तळहाताएवढं. कवळीवाला मनाशी मोजत राहिला आणि बटण दाबायला जवळजवळ विसरलाच. दाबलं तेव्हा उजेड समोर होता.

गाडी गेल्यावर समोर टेकाड उरलं. आपली जागा त्याने या अंगाने कधी पाहिली नव्हती. उरलेला फोटो त्याने तिचा काढला.

चार रात्री तो झोपला नाही. पाचव्या दिवशी ढेरपोटी मास्तरच्या हातात दिली, तेव्हा ठिगळाचा रंग अजून चिकट होता.

बोट फिरलं. शिडीवर आलं, पायऱ्या मोजल्या, तिसरीवर थबकलं. मास्तरचा चेहरा उजळला. मग हळूहळू उतरला.

"तू पाहिल्याशिवाय करत नाहीस."

"नाही."

"म्हणजे पलीकडे होतास. आणि उजेड?"

"समोरून."

"मग फोटो गेला."

"गेला. नुसती काळी आकृती आलीय."

मास्तरने ढेरपोटी छातीवर ठेवली. शेवटचा फोटो हवा होता की ही, हे कवळीवाल्याने त्याला विचारलंच नव्हतं. आता विचारण्यात अर्थ नव्हता.

"दुसरा?" मास्तर म्हणाला.

"आपलं टेकाड. तिकडून."

"कसं दिसतं?"

"गवतात दोन टकलं पडलीत. एक तुझं, एक माझं. तुझं मोठं."

"असणारच. मी अख्खा उभा राहायचो. तू सारखा वाकून चाकं बघायचास." त्याने छातीवरची ढेरपोटी सरळ केली. "टेकाडाच्या फोटोच्या पाठीवर लिही. सात एकेचाळीस. उजेड समोरून. ढग?"

"नाही."

"ढग नाही." मग म्हणाला, "माणसं दोन."

कवळीवाल्याचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. त्या पाठीवर आजवर खोटं अक्षर पडलं नव्हतं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

त्याने वाचून दाखवलं. सगळं, शेवटच्या दोन शब्दांसकट. मास्तरने मान हलवली आणि एक बोट शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून डोळे मिटले.

तो फोटो आल्बमच्या शेवटच्या पानावर आहे. त्या दिवशी कवळीवाल्याने त्याच्या पाठीवर तीनच गोष्टी लिहिल्या होत्या. पुढची जागा सतरा दिवस कोरी होती. अठराव्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, तो फळीसमोर उभा राहिला, त्याच पेनाचं टोपण काढलं आणि चौथी लिहिली.

माणूस नाही.