आबांची हाक, वेग एकशे बावीस

बिरदेवला आयुष्यात एकच गोष्ट झकास जमायची. एक गाणं संपत आलं की दुसरं त्याच्यात असं सोडायचं, की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. डीप हाऊस म्हणतात त्या संगीताला. त्यात दोन्ही गाण्यांचा वेग एक लागतो आणि पट्टी जुळावी लागते. नाहीतर एका चुलीपाशी दोन सासवा बसल्यासारखं ऐकू येतं.

मुळशी धरणाच्या कडेला एका रिसॉर्टवर तो टॉवेल वाटायचा. तो खूप मागे लागल्यावर मालक इंद्रजितशेठनी त्याला एक रविवार दिला.

"हिंजवडीच्या एका कंपनीची शंभर माणसं आहेत. चार ते सहा तू वाजव. एक सेकंद म्युझिक थांबलं नाही, तर दर रविवार तुझा. थांबलं तर टॉवेलही विसर."

घरी वडिलांनी, धुळाजीआबांनी, वेगळाच दम दिला होता. "पक्कं झालं तर झालं. न्हाईतर दिवाळी सरली की मेंढरामागं कोकणात चलायचं. लई झालं तुजं डबडं."

गाण्यात आपलं स्वतःचं काहीतरी पाहिजे म्हणून बिरदेवनं आबांचीच हाक मोबाईलवर भरली होती. माळावरची मेंढरं गोळा करायची हाक, "हुर्र्र्या, ये ये येऽ!" भजनातल्या पेटीवर लावून बघितली, तर हाक काळी पाचला आणि गाणं पांढरी सहाला. त्यानं हाक अर्ध्या सुरानं उतरवली, जराशी ताणली, मिनिटाला एकशे बावीस ठोक्यांच्या वेगात बसवली. इतकी चपखल बसली की आपल्या तिन्ही गाण्यांत सुरुवातीची दोन मिनिटं सोडून दर मिनिटाला एकदा घालून टाकली. मोबाईल भरला म्हणून मूळ हाक पुसली. अर्ध्या सुराचा फरक मेंढरं मनावर घेत नाहीत, एवढं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी स्पीकरमधून आबा पहिल्यांदा ओरडले. शेजारच्या माळावर आबांच्या कळपातल्या ऐंशी माना वर झाल्या.

दुसऱ्या हाकेला मेंढरं कुंपणाशी होती. तिसऱ्या हाकेला लॉनवर.

बिरदेवनं घाईघाईनं गाणं बदललं. पट्टी जुळणारं दुसरं त्याचंच होतं. त्यातही आबा. तिसऱ्यातही आबा. बदल इतका सफाईदार झाला, की नाचणाऱ्यांना कळलं नाही आणि मेंढरांनाही नाही. बंद करावं, तर नोकरी जाते. चालू ठेवावं, तर काकडीची कोशिंबीर जाते.

"हे थीममध्ये होतं?" कंपनीची क्षितिजा मोबाईल उगारून किंचाळली. "किती ऑरगॅनिक!"

तेवढ्यात खरे आबा धापा टाकत आले. "हुर्र्र्या! मागं फिरा, रांडच्यांनो!" पण स्पीकरमधले आबा वीस पट मोठे होते. मेंढरांनी मोठ्या आबांचं ऐकलं. खऱ्या आबांनी जोर लावला. पुन्हा लावला. चौथ्या वेळी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

"बिऱ्या," ते घोगरले, "माजा आवाज त्यात घातलास व्हय? आन् असा रडका?"

"आबा, पट्टीसाठी अर्धा सूर उतरवलाय."

"मला इचारून उतरवायचा!"

एडका पोहायच्या टाकीत पडला तेव्हा इंद्रजितशेठच ओरडले, "बंद कर ते!"

"शेठ, थांबलं तर..."

"बंद!"

बिरदेवनं बंद केलं. बापलेकांनी मिळून एडका शिंगांना धरून बाहेर ओढला. बाकीची मेंढरं शांतपणे लॉन खात राहिली. त्यांना हाकलावं तर ती इकडून हलून तिकडे चरत. बोलवायला आबांना आवाज नव्हता. आबांचा आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक होता.

मेंढरं परत न्यायला शेठनी बॅटरीवरचा, चाकांचा स्पीकर दिला, पण चाकं माळावर चालेनात. मग बिरदेवनं तो डोक्यावर घेतला, पेनड्राइव्ह खोचला आणि निघाला. ते यंत्र गाणं पुढं ढकलू देत नव्हतं, पहिल्यापासूनच वाजवायचं. पहिली दोन मिनिटं नुसती ठेक्याची धुकधुक. मेंढरं चार पावलं आली, हाक नाही म्हटल्यावर लॉनकडं वळली.

"ये म्हण की लवकर!" आबा कानाशी घोगरले.

"आबा, आधी वातावरण बनवावं लागतं."

"वातावरण गेलं खड्ड्यात!"

दोन मिनिटांनी हाक आली. मेंढरं धावत आली. मिनिटभर हाक नाही. मेंढरं थांबली. पुन्हा हाक. अशी वरात चढणीला लागली. मागं वाटेत मेंढरांमुळं पार्टीची बस अडकली होती आणि तिचा हॉर्न वेगातही नव्हता, पट्टीतही नव्हता. पाहुण्यांसोबत निघालेले इंद्रजितशेठ खिडकीतून उद्यापासून येऊ नकोस, टॉवेलसुद्धा वाटू नकोस, एवढं बिरदेवला हातवाऱ्यांनी सांगत होते. त्याला मान हलवता येईना. डोक्यावर आबा होते.

माथ्यावर पोचेपर्यंत आबांनी आपला घसा आपणच तपासला होता. आवाज परतायला महिना दोन महिने जाणार, असं त्यांनीच ठरवलं.

"कोकणात," ते घोगरले, "ह्या डबड्याला कुटं कुटं लाईट मिळंल, ते आत्ताच इचारून ठेव."

बिरदेवनं डोक्यावरचा स्पीकर सावरला. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं आणि हाक यायला अजून दोन मिनिटं होती.