बारा वर्ज्य दिवस

पंचवटीतल्या ढुंढिराज महाराजांच्या मठात पौर्णिमेला मुंगीलाही शिरायला जागा नसे. व्यासपीठावर सात पाळणे, त्यांत सात तान्ही बाळं आणि मधोमध महाराज. एकेक आई माईकशी यायची, "महाराजांचं व्रत पाळलं आणि कूस उजवली," म्हणायची, की टाळ्यांचा कडकडाट. त्या आवाजानं दोन बाळं भेदरून रडू लागली, तर महाराज म्हणाले, "ओळखलं त्यांनी मला."

यशश्रीला टाळी वाजवावीशी वाटेना. जिल्हा परिषदेत टंकलेखिका असलेली, पस्तिशी ओलांडलेली ही बाई अकरा महिने हेच व्रत काटेकोर पाळत होती. त्याच दिवशी सकाळी तिला अकराव्यांदा पाळी आली होती. तिला रडूही येत नव्हतं, नुसता संताप येत होता आणि तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं.

तिचा नवरा ललित चांदवडला गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. चांदवडच्या घाटात त्याची मोटारसायकल घसरली, पाठीला मार बसला आणि तेव्हापासून नवरा-बायकोचा संबंध जमेना. वीर्यात मात्र दोष नव्हता. डॉक्टर इंदिराबाईंनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं होतं, "घरच्या घरी करता येईल. स्वच्छ वाटी आणि सुई नसलेली नवी सिरिंज. पण दिवस चुकवू नका. तुमची पाळी अठ्ठावीस दिवसांची. पहिल्या दिवसापासून मोजा आणि अकरावा, तेरावा, पंधरावा दिवस धरा."

ही कृती सासूबाईंना सांगायची कुणाची छाती? चंद्रभागाबाईंना एवढंच ठाऊक, की सुनेला दिवस जात नाहीत. त्यांनी मठातून चिठ्ठी आणली. पाळीपासून चौथी, सहावी, आठवी रात्र बीजारोपणाची. नवव्यापासून विसाव्यापर्यंत बारा दिवस वर्ज्य, पती-पत्नींनी एका छताखालीही झोपू नये. मग कृती डॉक्टरांची आणि मुहूर्त महाराजांचा, असा कारभार सुरू झाला. वर्ज्य दिवसांत ललित चांदवडला भावाकडे मुक्कामाला जाई. फळ मिळालं नाही की महाराज सांगत, "व्रत कुठेतरी मोडलं, मनानं का होईना." मनाला कुलूप कसं घालायचं, हे काही चिठ्ठीत नव्हतं.

महाराजांच्या हातच्या प्रसादाच्या रांगेत शेजारची बाई म्हणाली, "तुमी गायीच्या डाक्टरांच्या मंडळी ना? मी कमळाबाई, चांदवडची. लय कडक हायेत तुमचे मालक. माझी जर्सी माजावर आली आन् कांद्याच्या गडबडीत मला दोन दिस उशीर झाला. गाय नेली तर दारातूनच माघारी लावलं. म्हनले, माज गेला, आता भरून उपेग नाय, एकवीस दिसांनी या."

यशश्री हसली आणि हसता हसता थांबली. कृत्रिम रेतनाला गाय दोन दिवस उशिरा आणली म्हणून माघारी लावणारा माणूस स्वतःच्या घरात महिन्यातले बारा दिवस सोडून देत होता.

कमळाबाईंच्या मागे त्यांची सून रोशनी उभी होती. तिसऱ्या पाळण्यातलं बाळ तिचं. यशश्रीनं हळूच विचारलं, "खरं सांग, व्रत पाळलंस?"

रोशनीनं सासूकडे पाहिलं. "सांग की. त्या काय परक्या हायेत?" कमळाबाई म्हणाल्या.

"चौदा महिने पाळलं, ताई. मग कांदा साठवणीच्या चाळीत भरायचा आला. ह्यांना दुसरीकडं धाडलं तर काम कोन करील? तेराव्या दिशी मोडलं."

"मग माईकवर पाळलं म्हणालीस?"

"मोडलं म्हनून सांगितलं आन् पोराला काही झालं म्हंजी?"

यशश्री उरलेल्या सहा जणींकडे गेली. आधी स्वतःचे अकरा महिने सांगितले, मग प्रश्न विचारला. चौघींनी खाली मान घालून कबूल केलं. पाचवी म्हणाली, "सासूबाई मागेच आहेत." सहावीनं तोंड फिरवलं. पाळलं असं छातीठोक सांगणारी एकही निघाली नाही.

महाराजांपुढे यशश्रीचा नंबर लागला तेव्हा माईक चालूच होता. "महाराज, अकरा महिने पाळलं. मूल नाही."

"मनानं मोडलं असेल, बेटी."

"मग ज्यांनी सरळसरळ मोडलं, त्यांना कसं झालं?"

"कोणी मोडलं? नाव सांग."

 विश्वासानं सांगणाऱ्या बायकांची नावं यशश्री चव्हाट्यावर कशी आणणार?

"आमच्या रोशनीनं," मागून कमळाबाई म्हणाल्या. "तेराव्या दिशी. आन् मोडलं तेच बरं झालं."

 महाराज सावरून म्हणाले, "ती माझी कृपा. तो अपवाद."

"मग वरत कशाला देता? अपवादच द्या की."

हशा पिकला. यशश्री माईककडे वळली. "बायकांनो, दिवस राहतात ते साधारण दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत. हे व्रत नेमके तेच दिवस बंद करतं. जिला मूल होत नाही ती स्वतःला दोष देत गप्प बसते, जिला होतं ती भीतीपोटी गप्प बसते. त्या दोघींच्या गप्प बसण्यावर हा मठ उभा आहे." पुढे माईक बंद केला गेला. काही बायका उठून गेल्या. बऱ्याचशा प्रसाद घ्यायला थांबल्या, हेही सांगितलं पाहिजे.

घरी येऊन तिनं ललितला विचारलं, "कमळाबाईंची गाय माघारी लावलीत. मला चुकीच्या दिवशी का नाही लावलंत?"

तो म्हणाला, "दिवस चुकतायत हे कळत होतं. पण आईशी दिवसांचं बोलायचं, तर माझ्या अपघाताचंही बोलावं लागलं असतं. माझी लाज राखण्यात तुझे अकरा महिने गेले."

ती त्याला माफ वगैरे करू शकली नाही. एवढंच म्हणाली, "आता तुम्हीच सांगा त्यांना." त्यानं सांगितलं. चंद्रभागाबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. अकराव्या दिवशी ललित चांदवडला गेला नाही. तेराव्या आणि पंधराव्या दिवशीही नाही.

अठ्ठाविसाव्या दिवसानंतर पाळी आली.

यशश्री खूप रडली. इंदिराबाई म्हणाल्या, "योग्य दिवस साधला तरी दर महिन्याला जमेलच असं नाही. सहा महिने बघू, नाहीतर पुढच्या तपासण्या करू." त्यांनी खात्री दिली नाही, कारण मात्र सांगितलं. वाचकहो, महाराज खात्री देतात आणि कारण विचारलं की तुमच्या मनावर ढकलतात. असा कुणी भेटला तर नमस्कार करण्याआधी कारण विचारा.

संध्याकाळी चंद्रभागाबाई चहा घेऊन सुनेपाशी बसल्या. काय मोडलं, कुणी मोडलं, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "आज पहिला दिवस ना? मग अकरावा कधी येतो ते मलाही सांग. त्या दिवशी मी मुलीकडे जाईन."