पाखराचा वाटा

मधाच्या पोळ्याचा उरलासुरला तुकडाही आपण खड्डा करून पुरला, हे एल्डर टोलमन यांनी मला स्वतःच सांगितलं, आणि तेही अभिमानाने.

"काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही, फालेसी," बुटांवरची राख झटकत ते म्हणाले. "विस्तव विझवला, राख पसरली, मेण पुरलं. तिथे कुणी येऊन गेलं असं वाटणारसुद्धा नाही. आमच्याकडे आयडाहोत पोरांना रानात नेण्याआधी हेच शिकवतात."

मी भोपळ्याची पानं निवडत होते. हात थांबला. "आणि पाखराला काय ठेवलंत?"

"कुठल्या पाखराला?"

"ज्यानं तुम्हाला पोळ्यापर्यंत नेलं त्याला."

ते खळखळून हसले. "रानातल्या प्राण्यांना खायला घालू नका, अशी पाटी तुझ्या नवऱ्याच्याच गेटवर आहे की!"

माझा नवरा अभयारण्याच्या गेटवर रक्षक आहे, आणि पाटी खरीच आहे. पण ती माकडांसाठी, हत्तींसाठी. मधपाखराला ती लागू आहे असं लुआंग्वा नदीच्या काठी कुणाच्या मनातही आलं नसतं. काडेपेटी हलवल्यासारखा आवाज करत ते झाडावरून झाडावर पुढे जातं, माणूस मागोमाग जातो, धूर करतो, मध काढतो आणि मेणासकट एक तुकडा पानावर उघडा ठेवून येतो. नाही ठेवला, तर पाखरू पुढच्या वेळीही बोलावतं. फक्त तेव्हा वाट मधाकडे जात नाही. सापाकडे जाते, नाहीतर सिंहाकडे.

सिस्टर टोलमन दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"एल्डर, आपण त्या बिचाऱ्याचा वाटा पुरला," त्या म्हणाल्या.

नवराबायको असूनही ते एकमेकांना एल्डर आणि सिस्टर म्हणत; सेवेवर असेपर्यंत त्यांच्या चर्चची तशीच रीत. बटाट्याची शेती मुलांच्या हवाली करून दोघं म्हातारपणी आमच्याकडे देवाचं काम करायला आले होते. जिराफ दिसला की गाडी थांबवून टाळ्या वाजवत. गाव त्यांना आगोगो म्हणे, म्हणजे आजी-आजोबा. घरोघरी त्यांचं बोलणं मी आमच्या भाषेत सांगायची, आणि माझी चार वर्षांची तिओंगे दिवसभर सिस्टरच्या स्कर्टला धरून फिरायची.

शेजारच्या झेलिपाला हे कळायला वेळ लागला नाही.

"काय गं तिओंगेची आई, तुझ्या आगोगोंनी म्हणे पाखराचा घास मातीत घातला?" कुंपणावरून ती ओरडली.

"त्यांना माहीत नव्हतं."

"पाखराला कुठे माहीत आहे त्यांना माहीत नव्हतं ते!"

"झेलिपा, पक्षी असा डूख धरत नाही. मी शिकलेय हे."

"हो बाई, चिपाटाच्या कॉलेजात शिकलीस तू. मग पोरीला आत का ओढलंस आत्ता?"

मी खरंच तिओंगेला दंडाला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं होतं. मला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाखरू अंगणात आलं. ऑक्टोबरचं ऊन, आंब्याच्या झाडाचं पान हलत नव्हतं, आणि फांदीवर ते राखी रंगाचं, चिमणीपेक्षा जरासं मोठं पाखरू काडेपेटी वाजवत बसलं होतं. मधपाखरू वस्तीत येत नाही असं नाही. पण ते आलं की माणसाकडे बघतं, थोडं पुढे उडतं, परत येतं. हे नुसतं बसलं होतं. मी बाहेर आले की गप्प व्हायचं. झेलिपा आली की गप्प. तिओंगे एकटी पायरीवर बसली की पुन्हा सुरू.

"आई, ते मला बोलावतंय," ती म्हणाली.

मी ढेकूळ मारलं. ते उडालं नाही, फक्त एक फांदी खाली आलं.

त्याच आठवड्यात एल्डर टोलमन तापाने पडले. मी तिओंगेला सिस्टरजवळ सोडून दवाखान्यात गोळ्या आणायला गेले. रांग लांब होती. रांगेत उभं राहूनही माझे कान तिकडेच. परतले तेव्हा त्यांच्या घराचं दार सताड उघडं, आणि आमच्या आंब्यावर पाखरू नव्हतं.

एल्डर खाटेवर कुडकुडत होते.

"सिस्टर कुठे आहेत?"

"गेलीय. काळजी करू नकोस, एकटी नाही गेली." त्यांचे दात वाजत होते. "एकटं बाहेर पडायचं नाही हा आमचा नियम. सोबती लागतोच. मी असा पडलेला, म्हणून तिने तिओंगेला सोबती केलं. माझा नावाचा बिल्लासुद्धा पोरीच्या फ्रॉकला लावला." ते हसायला गेले आणि खोकले. "काय ऐटीत निघाली म्हणून सांगू!"

"कुठे निघाली?"

"त्या गोरखचिंचेखाली पुरलेलं मेण उकरायला. पाखराला त्याचा वाटा देऊन येते म्हणाली. तूच म्हणालीस ना द्यायला हवा होता? ते खिडकीशीच येऊन बसलं होतं. ती म्हणाली, वाट तेच दाखवेल."

मी काय बोलले ते आठवत नाही. कुंपणाशी झेलिपाला एवढंच सांगितलं, "आगोगोंना उठव, गाडी काढायला लाव, गोरखचिंचेकडे या." आणि धावत सुटले.

कोरड्या ओढ्याच्या वाळूत सिस्टरच्या बुटांचे ठसे होते. शेजारी तिओंगेची अनवाणी पावलं, कुठे चालत, कुठे उड्या मारत. ओढ्याच्या मध्यावर मी थांबले. तिओंगेच्या एका पावलावर दुसरं पाऊल पडलं होतं. गोल, पसरट, नखं आत घेतलेलं. त्याच्या कडेची वाळू अजून ढासळत होती.

तेवढ्यात पलीकडच्या झाडीत काडेपेटी वाजली.

ज्याच्या मागे जाऊ नये त्याच्याच मागे मी गेले. ठसे गवतात संपले होते, दुसरी खूण नव्हती. ते वाजायचं, मी जायची. मी अडखळले की ते थांबायचं. माझी वाट बघायचं. पोरीसाठी थांबतं तसंच माझ्यासाठीही थांबतंय, हे लक्षात आलं, तरी मी जात राहिले.

मग ते गप्प झालं. झाडांवर किरकिरणारे किडेही थांबले होते. गोरखचिंचेचा बुंधा समोर, आणि त्याच्याजवळून सिस्टर टोलमनचा आवाज येत होता, संथ, सपाट.

"...आणि हे स्वर्गातल्या पित्या, मागच्या वर्षीच्या बटाट्यांसाठी तुझे आभार. आणि विहिरीच्या पाण्यासाठी. आणि माझ्या धाकट्या नातीचे दात सरळ आले त्यासाठी..."

त्या उभ्या होत्या. पायाशी उकरलेली माती, एका हातात मेणाचा काळपट तुकडा, दुसरा हात तिओंगेच्या खांद्यावर. त्यांचे डोळे उघडे होते. तिओंगेचे मिटलेले, हात छातीवर घडी घातलेले, मान खाली, फ्रॉकवर मोठ्या माणसाचा काळा बिल्ला. रविवारच्या वर्गात सिस्टरनीच शिकवलं होतं तसं: हात बांधायचे, डोळे मिटायचे, आमेन होईपर्यंत हलायचं नाही. आणि आमेन सगळ्यांत मोठ्याने ओरडायची ती माझी तिओंगे.

मी सिस्टर बघत होत्या तिकडे बघितलं. गवत गवतासारखंच होतं. मग त्यातला एक भाग श्वास घेत होता. सिंहीण. तिओंगेला जेवायला हाक मारावी एवढ्या अंतरावर, पोट जमिनीला टेकवून, मान न हलवता, पोरीकडे बघत.

हाक माझ्या दातांपर्यंत आली. मी हाक मारली की तिओंगे धावते. रस्त्यावर गाड्या, नदीत मगरी, म्हणून मीच तिला तसं शिकवलंय. धावणारं लहानसं काहीतरी त्या डोळ्यांसमोरून गेलं असतं. मी कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे-कापडाचं टोक तोंडात कोंबलं.

"...आणि मक्यासाठी," सिस्टर म्हणाल्या. आवाज चिरकत होता. किती वेळ चाललं होतं हे, देव जाणे. "आणि पावसासाठी. आणि... आणि..."

शब्द संपत आले होते. प्रार्थना संपताना आवाज जसा खाली येतो तसा त्यांचा येत होता, आणि तिओंगेने तोंड उघडलं. तिला वाटलं, झालं. ती मोठा श्वास घेत होती.

"आणि ताटातल्या न्शिमासाठी आभार," मी म्हणाले.

माझ्याच तोंडून, त्यांच्याच त्या सपाट आवाजात, आमच्या भाषेत. तिओंगेच्या पापण्या थरथरल्या. आईचा आवाज. पण डोळे उघडले नाहीत. प्रार्थनेत डोळे उघडले तर सिस्टर चिमटा काढायच्या.

"आणि शेंगदाण्यांसाठी," मी पुढे झाले. "आणि तिओंगेच्या बाबांसाठी, ते आज गेटवर आहेत. आणि झेलिपासाठी, तिची जीभ जरा कमी चालू दे." मी हळूहळू पोरीच्या पाठीशी पोचले. घामाने भिजलेलं तिचं डोकं माझ्या पोटाला लागलं. "आणि हे पित्या, आता आम्ही मागे मागे चालणार आहोत, डोळे मिटूनच, कारण तुला तसंच आवडतं."

तिओंगे माझ्या पायांवर पाय ठेवून मागे सरकू लागली. सिस्टरनी मेण खाली ठेवलं. टाकलं नाही, वाकून ठेवलं, आणि त्याही मागे सरकल्या.

सिंहीण उठली.

आम्ही सरकलो तेवढी ती पुढे आली. धावली नाही. मेणाजवळ थांबली, ते हुंगलं, आणि तसंच सोडून पुन्हा आमच्याकडे निघाली. मी आभार मानत होते. भांड्यांचे, दोरीचे, बकरीचे, कॉलेजच्या जिन्याचे. डोक्यात येईल त्याचे. ओढा कधी ओलांडला कळलं नाही. मागून गाडीचा आवाज आला, कर्कश ब्रेक, आणि झेलिपाचा घुसमटलेला स्वर, "अगं आई गं."

एल्डर टोलमन घोंगडीसकट स्टिअरिंगवर बसले होते. दार उघडलं, मी तिओंगेला आत ढकललं, तिच्यावर पडले, सिस्टर आत आल्या. दार लागलं. गाडी उसळली.

"सुटलो बाई," झेलिपा रडत म्हणाली. "आता तरी आमेन म्हण. पोर बघ कशी घट्ट डोळे मिटून बसलीय."

तिओंगे माझ्या मांडीवर ताठ बसली होती, हात बांधून. "आईने म्हटलंच नाही अजून," ती कुजबुजली. "मी नाही उघडणार."

मी तोंड उघडलं.

"थांब." सिस्टर टोलमननी माझ्या ओठांवर हात ठेवला. हाताला मातीचा आणि मधाचा वास होता. त्या मागच्या काचेतून बघत होत्या. मीही वळले. रस्ता रिकामा होता. धूळ होती, आणि धूळ खाली बसत होती.

"गेली ना ती, सिस्टर?" एल्डरनी विचारलं.

सिस्टरची नजर रस्त्याकडेच्या गवतावर खिळली होती, गाडीच्याच वेगाने तिथून काहीतरी येत असावं तशी.

मी विचारलं नाही काय दिसतंय ते. तिओंगेचं तोंड छातीशी दाबलं आणि पुन्हा आभार मानायला सुरुवात केली, पाण्यापासून.