ट्रेचे चार बोल्ट

लेकीने पाना लाल वायरीला लावला, तोच बाबांनी काठीने बंपरवर टकटक केलं.

"काळी आधी."

तिने मुकाट्याने पाना काळ्या वायरीकडे नेला. वॉर्डातली बारा तासांची ड्यूटी संपवून ती थेट इथे आली होती. पाय भरून आले होते, आणि खोटं बोलण्याचा तर त्याहून कंटाळा आला होता. बॅटरी चार्जिंगला टाकते, असं तिने सांगितलं होतं. खरं म्हणजे ती परत आणायचीच नव्हती. मागच्या मंगळवारी बाबा कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी घेऊन गेले आणि चार तासांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सापडले. एका शाळेच्या फाटकात गाडी आडवी लावून, घर कुठल्या बाजूला ते आठवत बसले होते. चाळीस वर्षं अर्ध्या शहराला ड्रायव्हिंग शिकवलेला माणूस! त्यांच्याकडे किल्ली मागायला तिची जीभ रेटत नव्हती.

बाबांचं शिकवणं मात्र चालूच. चष्मा लाव, हातमोजे घाल, बॅटरी तिरकी करू नकोस. तिने ती सरळ उचलून जमिनीवर ठेवली आणि बॉनेट बंद करायला हात घातला.

"ट्रे राहिला."

बॅटरीखालचा ट्रे काही खराब नाही, असू दे, असं तिने सांगून पाहिलं. पण त्यांनी खायचा सोडा आधीच पाण्यात कालवून ठेवला होता. ट्रेवर साचलेल्या ॲसिडच्या पांढऱ्या भुकटीवर तो ओतायला लावला, फेस बसेपर्यंत थांबवलं, मग पुसायला लावलं. बोल्ट चार. तिसऱ्याने तिचा जीव खाल्ला. तेल सोडा, थांबा, पुन्हा जोर लावा. तिला आता फक्त झोप हवी होती.

शेवटी ट्रे निघाला. बोल्ट हरवू नयेत म्हणून ती ते परत आपापल्या भोकांत लावू लागली. ही सवयही त्यांनीच लावलेली. बाबांनी तिचा हात धरला.

"बॅटरी काय, मी उद्या दुसरी आणेन. मी मला ओळखतो. ट्रेच नसला तर बसवणार कशावर?"

त्यांनी बोल्ट उचलले आणि एकेक करून तिच्या हातमोज्यावर ठेवले.

"ट्रे आणि हे, दोन्ही तू ने. कुठे ठेवलंस ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी. ओरडलो तरी."

तिने मूठ मिटली. बाबांनी बॉनेट हळूच खाली आणलं आणि दोन्ही हातांनी दाबून लावलं.

"आता साबणाने हात धू," ते म्हणाले. "कोपरापर्यंत."