उताराचं माप

काठी हा शब्द त्या घरात काढायची सोय नव्हती. डॉक्टरांनी काढला, तर टाकीवाले औषधाची चिठ्ठी टेबलावरच टाकून चालू लागले. शेजारच्या कंपाउंडरने आपल्या वडिलांची काठी मोठ्या प्रेमाने आणून दिली, तर दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून उभी दिसली. "काठी म्हाताऱ्यांना लागते," असं ठणकावून सांगायचे, आणि सांगताना एका हाताने भिंत धरलेली असायची. आता अशा माणसाशी कोण डोकं लावणार?

टाकीवाले म्हणजे टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर उभा जन्म काढलेला माणूस. पहाटे एकट्याने टेकडी चढायची, वरचं भलंमोठं लोखंडी चाक फिरवायचं, की खाली सगळ्यांच्या नळांना पाणी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता नवी पाइपलाइन आली होती आणि जुनी टाकी पाडायचं ठरलं होतं. सोमवारी मशीन लागणार होतं. त्याआधी त्यांना एकदा वर जायचं होतं.

"काय करणार जाऊन?" बायकोने विचारलं.

"चाकाला हात लावीन. बस्स."

"मागच्या अंगाने मशीनसाठी रस्ता काढलाय म्हणे. तिथून गाडीने नेतील का, विचारू?"

"माझ्या टाकीवर मी गाडीत बसून जाऊ? पाहुणा आहे का मी?"

झालं. विषय संपला.

बायकोला गल्लीत टेलरबाई म्हणत. बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट शर्ट आणि बाईच्या गळ्यात कायम टेप. पण तो टेप नुसता मिरवायला. गिऱ्हाईक दारातून आत येईस्तोवर त्याची छाती, कंबर, बाही बाईच्या डोक्यात पक्की झालेली असायची. कधी चुकली नाही, हेही खरं, आणि त्याचा तिला ताठा होता, हेही खरंच. नवऱ्याचं माप तर तिने लग्नानंतर पहिला शर्ट शिवताना घेतलं, तेवढंच. पुन्हा टेप लावायची गरजच काय? ते तर तिला झोपेतही पाठ होतं. अलीकडे त्यांचे शर्ट अंगावर लोंबायला लागले तेव्हा तिने बाजूच्या शिवणी आत घेतल्या आणि वर त्यांनाच झापलं. "नीट जेवत नाही तुम्ही. हाडं राहिलीत नुसती." डॉक्टर म्हणाले होते, मणके दबत चाललेत, गुडघे वाकत चाललेत, हाडं ठिसूळ झालीत. बाईने त्यातून पाठदुखी एवढंच ऐकलं. बाकीचं ऐकायची तिची छाती नव्हती.

तर त्या आठवड्यात बाईने खिडकीतून दोन पोरं जाताना पाहिली. पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट, आणि दोन्ही हातांत एकेक काठी. चकचकीत, हाताला पट्टा असलेली. बाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवऱ्याला काठी नको होती. पण काठ्या? डोंगर चढणाऱ्या जवान पोरांच्या हातात असतात तसल्या?

"तसल्या चालतील," टाकीवाले म्हणाले. मग जरा थांबून, "पण दोन हव्यात हां. एक घेतली तर ती काठीच झाली."

खेळाच्या सामानाच्या दुकानात बाईने तिथल्या पोरीचा जीव खाल्ला. पहिली जोडी कार्बनची होती, हातात घेतली तर वजनच लागेना. किंमत ऐकून बाईने ती हळूच परत ठेवली. दुसरी पिळून घट्ट करायची होती. टाकीवाल्यांच्या बोटांना आता बाटलीचं झाकण पिळवत नव्हतं, म्हणून तीही बाद. तिसरी अॅल्युमिनियमची, खटक्याची. खटका उघडा, आतली नळी हवी तेवढी बाहेर काढा, खटका दाबा. बाईने मुठीचा फोम दाबून पाहिला, पट्टा उलटा करून त्याची शिवण नखाने ओढून पाहिली. टाका दाट होता, दोरा बरा होता. "स्वस्त आहेत, पण शिवलेत इमानाने," ती म्हणाली.

"काकू, या छान चालतील," पोरगी म्हणाली. "अॅल्युमिनियम फार तर वाकेल, एकदम तुटायचं नाही. फक्त लांबी नीट लावा. टोक जमिनीवर टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात यायला हवं. चढताना थोड्या आखूड करायच्या, उतरताना थोड्या लांब. काकांना घेऊन आला असता तर इथेच लावून दिल्या असत्या."

"त्यांना कशाला आणायचं? लाव एकशे वीसवर."

"पण एकदा त्यांच्या हातात देऊन..."

"अगं, माझ्या नवऱ्याचं माप तू मला सांगणार का?" बाई म्हणाली. पोरीने मुकाट्याने नळीवरच्या एकशे वीस सेंटीमीटरच्या आकड्यावर दोन्ही खटके दाबले.

इथवर ठीक होतं. पण बाई ती बाईच. घरी आल्यावर कंपाउंडर म्हणाला, "स्वस्तातल्या आहेत ना? ऐन वेळी खटका सुटतो हो यांचा. नळी सर्रकन आत जाते आणि माणूस तोंडावर." बाईने आधी खटक्याचा स्क्रू पिळला. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून दोन्ही काठ्यांच्या खटक्यांवर जाड कॅनव्हासची पट्टी गुंडाळली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने ती अशी आवळून शिवली की कात्रीशिवाय सुटायची नाही. एकशे वीस म्हणजे एकशे वीस. आता बाप आला तरी नळी हलणार नव्हती.

गल्लीत तालीम झाली. डांबरावर चालायचं म्हणून टोकांना रबरी टोप्या. पट्ट्यातून हात खालून वर घालायचा, मग पट्टा आणि मूठ मिळून धरायची. उजवा पाय पुढे तर डावी काठी पुढे. बाई पायांवर नजर ठेवून बरोबर चालत होती. "उजवा... अहो, उजवा! तो डावा आहे!"

"शाळेत पण असंच ओरडायचे," टाकीवाले म्हणाले, आणि गल्लीतली पोरं हसली.

"कसं वाटतंय?"

"झकास," ते म्हणाले.

बाईने पाय पाहिले. खांदे पाहिले नाहीत. दोन्ही खांदे पार कानांपाशी गेले होते.

रविवारी सकाळी निघाले. वस्ती संपून पायवाट लागली तशा बाईने रबरी टोप्या काढून पिशवीत टाकल्या. उघडी टोकं मातीत कचकन रुतत होती. पहिलं वळण टाकीवाल्यांनी झोकात घेतलं. मध्येच थांबून जुन्या पाइपाचे सांधे दाखवले, हा कधी फुटला होता, तेव्हा आपण कसे गुडघाभर चिखलात उभे होतो, सगळं सांगितलं. दुसऱ्या वळणाला बोलणं बंद झालं. तिसऱ्याला श्वास ऐकू यायला लागला. हात प्रत्येक पावलाला वर, आणखी वर, चढावर तर पार छातीच्या वर जात होते.

"दुखतंय का काही?"

"छे."

"थांबायचं का?"

"टाकी दिसली की थांबू."

टाकी दिसली. शेवटच्या चढाच्या डोक्यावर, करडी, काळवंडलेली, तिच्या पोटाला लावलेली लोखंडी शिडी आणि बाजूला चाकाची खोली. हाकेच्या अंतरावर. टाकीवाले पाइपाखालच्या दगडी चौथऱ्यावर मटकन बसले. काठ्या पट्ट्यांनी मनगटाला लोंबत राहिल्या. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायला बघत होते.

ते बसले तशी पँट घोट्यावरून वर सरकली, आणि बाईची नजर तिथे गेली. जाणारच. जन्मभर तिने तेच पाहिलं होतं.

तपकिरी पँटच्या तळाची घडी काळ्या दोऱ्याने घातलेली. एकेक टाका बोटभर लांबीचा, वाकडातिकडा, एका ठिकाणी दोरा पुरला नाही म्हणून सेफ्टी पिन. तिच्या घरातून असली शिवण बाहेर पडली असती तर ती लाजेने मेली असती.

"हे कोणी केलं?"

टाकीवाल्यांनी पाय मागे ओढला. "मी."

"तुम्ही? सुई कधी धरलीत आयुष्यात?"

"तू बाजारात गेलीस की करायचो." निवृत्तीपासून घरातलं धुणं आणि इस्त्री त्यांच्याकडे होती, त्यामुळे बाईच्या हातात त्यांची पँट येतच नव्हती. हे तिला आत्ता कळलं. "पायात यायला लागली होती. आधी एकदा घडी घातली. मग परत घालावी लागली."

"म्हणजे सगळ्याच पँटी?"

"सगळ्याच."

"अहो, मी घरात बसलेय ना! मला सांगायचं होतं!"

"काय सांगणार? मी आखूड झालोय म्हणून?" ते जरा हसले. "तू सगळ्यांना सांगत असतेस, यांचं माप मला पाठ आहे. म्हटलं, असू दे तिला पाठ."

बाईने त्यांना दंडाला धरून उभं केलं. त्यांच्या हातात काठी दिली, टोक टेकवलं आणि पहिल्यांदा कोपराकडे पाहिलं. काटकोन कसला? मूठ पार छातीशी आली होती. हा माणूस घरापासून इथवर हात वर टांगून आला होता. पायांना आधार द्यायच्या काठ्या त्यालाच उचलून न्याव्या लागल्या होत्या, आणि वाटेत खाली करायच्या म्हटल्या तरी सोय नव्हती. ती सोय बाईने स्वतःच्या हाताने मेणाच्या दोऱ्याने शिवून टाकली होती.

"अहो, बोलायचंत ना," ती म्हणाली. "एक शब्द बोलायचंत."

पिशवीत कात्री होती, ती नेहमीच असते. बाईने टाके कापले. घाईत कॅनव्हासबरोबर बोटालाही लागलं. पट्ट्या फेकल्या, स्क्रू कात्रीच्या टोकाने ढिला केला, खटके उघडले आणि नळ्या आत सारल्या. केवढ्या सारल्या! आकड्यांमागून आकडे आत गेले. चढ आहे म्हणून आणखी थोड्या. खटके दाबले.

"चला बघू."

टाकीवाले चालले. एक पाऊल, दुसरं, तिसरं. खांदे खाली आले, पाठ सैल झाली, काठ्या आपसूक पुढे पडायला लागल्या. त्यांनी वळून पाहिलं, आणि चेहऱ्यावर असं काही उमटलं की बाईला ते बघवेना.

"अगं, हे असं असतं होय? किती सोपंय!"

आणि तिथेच त्यांचे पाय दुमडले. पडले नाहीत, काठ्यांनी धरलं, पण गुडघे काही सरळ होईनात. अंगात जे होतं ते खालीच संपलं होतं. बाईने त्यांना पुन्हा चौथऱ्यावर आणलं. पाणी पाजलं. बराच वेळ गेला. ऊन चढलं. ते दोनदा उठले आणि दोनदा बसले.

"मी जाऊन येते," बाई म्हणाली. "पळत जाते. तुमच्यातर्फे चाकाला हात लावून येते."

"नको." त्यांनी तिचा पदर धरला. "मला इथे एकट्याला सोडू नकोस."

या टेकडीवर त्यांनी उभी हयात एकट्याने काढली होती, वादळात, अंधारात. बाई त्यांच्या शेजारी बसली आणि ढसाढसा रडली. टाकीवाले रडले नाहीत. ते टाकीकडे बघत होते.

मग म्हणाले, "चल. खाली जायचंय ना आता? मग या लांब कर. उतरताना लांब लागतात, तुझी ती दुकानातली पोरगी म्हणाली होती, तूच सांगितलंस ना?"

बाईने खटके उघडले. टोक त्यांच्या पुढच्या उतारावर, एक पायरी खाली टेकवलं, कोपर पाहत पाहत नळी बाहेर ओढली. आकडा पुन्हा एकशे वीसच्या जवळ आला.

"बघ," टाकीवाले म्हणाले. "तुझं माप चुकलं नव्हतं. उतरायला बरोबर होतं."

त्यांनी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. तिला ते जन्मात विसरता येणार नव्हतं.

सोमवारी सकाळी टेकडीच्या बाजूने घरघर सुरू झाली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. टाकीवाले खिडकीत गेले नाहीत. पेपर उघडून बसले आणि एकच पान धरून राहिले. बाईने गिऱ्हाईकांचे शर्ट बाजूला सारले, कपाटातून त्यांच्या सगळ्या पँटी काढल्या आणि खालचे टाके उसवायला घेतले. काळे, पांढरे, एक तर चक्क निळा. एकेक धागा ओढून काढला, ठसे राहिले ते पाण्याचा हात लावून इस्त्रीने बसवले. मग गळ्यातला टेप काढून हाक मारली.

"अहो, इकडे या. माप द्या."

ते आले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बाई गुडघ्यावर बसली, टेपचं टोक कमरेला धरायला दिलं आणि खाली जमिनीपर्यंत सोडलं. बाहेर काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज आला. दोघंही हलले नाहीत. बाईने आकडा वाचायला मान वाकवली, तर त्यांच्या टाचा जमिनीवर नव्हत्या. भिंतीचा आधार घेऊन, श्वास धरून, ते चवड्यांवर उभे होते.

"टाचा टेका," बाई म्हणाली.

ते तसेच उभे राहिले.

"टेका हो. मी आहे ना."

त्यांनी हळूहळू टाचा टेकल्या.